कोर्टातली दुसरी तारीख

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपल्याकडे आहे. ती रचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वादी असेल, प्रतिवादी असेल, साक्षीदार असेल, फार तर वकील असेल. पण तीच पायरी रोज नेमाने चढणारा एक माणूस असा असतो, की त्याचा कोणाशी दावा नसतो, त्याला कधी तारीख पडत नाही आणि त्याचे नाव कुठल्याही निकालपत्रात येत नाही. किल्ल्यांचा जुडगा काढायचा, कपाटे उघडायची, काल संध्याकाळी परत आलेली पुस्तके जागच्या जागी लावायची आणि कोर्ट बसायच्या आत पहिल्या वकिलाच्या प्रश्नाला तयार राहायचे, हा त्याचा शिरस्ता. कायद्याच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल तो हा.

नाशकात सीबीएसच्या बाजूने जिल्हा न्यायालयाच्या आवारात शिरले, की कोर्टाचा सगळा संसार दिसतो. टंकलेखक, नोटरी, मुद्रांक विक्रेते, चहाचे ग्लास घेऊन धावणारी पोरे, निफाड-दिंडोरीहून सकाळच्या एसटीने आलेली आणि पिशवीत सातबारा जपून ठेवलेली माणसे. ग्रंथालय मात्र या संसाराच्या माजघरात असते. तिथपर्यंत पक्षकार सहसा पोहोचत नाही. आपल्या रंगभूमीवर ‘तो मी नव्हेच’पासून ‘शांतता! कोर्ट चालू आहे’पर्यंत कितीतरी कोर्टे भरली, गाजली. पण ज्या पुस्तकातून वकील तावातावाने वाचून दाखवतो, ते त्याच्या हातात कोणी दिले, हे नाटककारांनाही विचारावेसे वाटले नाही.

ही मंडळी तीन ठिकाणी भेटतात. न्यायाधीशांसाठी असलेल्या न्यायालयाच्या ग्रंथालयात, वकील संघाच्या ग्रंथालयात आणि विधी महाविद्यालयात. तिन्हींचे काम वरवर सारखे, पण जातकुळी वेगळी. महाविद्यालयातला ग्रंथपाल ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन रीतसर आलेला असतो. वकील संघात पुष्कळदा एखादा होतकरू मुलगा कपाटे पुसायला म्हणून लागतो आणि वीस वर्षांनी तोच तिथला चालताबोलता कोश होऊन बसतो. कायद्याची पदवी नाही, पण कोणते कलम कोणत्या ग्रंथात, कितव्या कपाटात, कितव्या फळीवर, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगेल. अशा कित्येकांना पुढे पदवी घेण्याची सोय झाली, ती नाशकातच १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठामुळे. नोकरी सांभाळून ग्रंथालयशास्त्र शिकता येऊ लागले.

आकड्यांची भाषा

कायद्याच्या ग्रंथालयात पुस्तकाचे नाव फारसे कोणी घेत नाही. तिथे आकडे चालतात. ‘एकोणचाळीस बॉम्बे लॉ रिपोर्टर बाराशे पंच्याण्णव’ असे कोणी म्हटले, तर नवख्याला तो लॉटरीचा नंबर वाटेल. पण हा पत्ता आहे. एकोणचाळीसावा खंड, पान बाराशे पंच्याण्णव. ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ हे नियतकालिक १८९९ साली रतनलाल आणि धीरजलाल या जोडीने सुरू केले. दरसालचा एक खंड धरला, तर एकोणचाळीसावा येतो १९३७ सालचा. खंडाच्या आकड्यात १८९८ मिळवले की वर्ष निघते, हा हिशेब मुरलेला ग्रंथपाल बोलता बोलता करतो.

आणि त्या पानावर काय आहे? नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. म्हणजे महाडच्या चवदार तळ्याचा खटला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपण शाळेत शिकतो. त्यानंतर तळे खासगी आहे, असा दावा महाडच्या काही मंडळींनी त्याच वर्षी डिसेंबरात लावला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १७ मार्च १९३७ रोजी फेटाळला गेला, म्हणजे पाण्याच्या ओंजळीवर कायद्याचे शिक्कामोर्तब व्हायला जवळजवळ दहा वर्षे लागली, हे शाळेत राहून जाते. निकाल देणाऱ्या दोघांपैकी एक न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच. असे धागे जुळवण्यात रमणारा ग्रंथपाल भेटला, तर त्याच्याजवळ तास-दोन तास कसे जातात कळत नाही.

अशा निवाड्यांच्या मालिका अनेक. ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ ही सरकारी मालिका १८७६ पासूनची. ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ हे १९१४ सालचे रोप नागपूरच्या वामन वासुदेव चितळे यांचे. मराठी माणसाने उभा केलेला हा उद्योग काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या वकिलांच्या टेबलावर ‘एआयआर’ या तीन अक्षरांनी पोहोचला. आपण मराठी माणसे उद्योगात मागे, असे गळे काढताना चितळ्यांच्या मिठाईची आठवण होते, या दुसऱ्या चितळ्यांची होत नाही!

हे अंक सुटे सुटे येतात. ते क्रमाने लावणे, मधला एखादा टपालात गहाळ झाला तर पत्रे पाठवून मागवणे, वर्षअखेर सगळे बाइंडिंगला देणे आणि बाइंडरने पाने उलटसुलट तर शिवली नाहीत ना, हे तपासणे, ही सारी ग्रंथपालाची कामे. पावसाळ्यात बुरशी, उन्हाळ्यात धूळ, बारमाही कसर आणि वाळवी. डांबराच्या गोळ्यांचा वास कपड्यांत इतका मुरतो, की घरी गेल्यावर नातवंडे सांगतात, आजोबा लायब्ररीतून आले. यात वकील मंडळींचे प्रेमळ अत्याचार वेगळेच. ‘आत्ता आणून देतो’ म्हणून कोर्टात नेलेला खंड कधी कधी वकिलाच्या गाडीच्या मागच्या सीटवर आठवडाभर शहर पाहून येतो. नेमके हवे असलेले पान दुमडलेले किंवा पेनाने रेघोट्या मारलेले सापडते. संध्याकाळी कोर्ट उठल्यावर ग्रंथपाल जी मोजदाद करतो, ती सराफ संध्याकाळी दुकान आवरताना करतो तशीच असते.

ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे आद्य पुरुष डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात आले आणि पहिल्या काही दिवसांतच इतके कंटाळले, की पुन्हा शिकवायला जाऊ द्या म्हणून मागे लागले. पुढे त्याच माणसाने १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याचा. इतर ग्रंथालयांत हा सौजन्याचा भाग असेल. इथे मात्र न्यायाधीश आसनावर आहेत, समोरचा वकील बोलायचा थांबला आहे आणि कनिष्ठ वकील धापा टाकत जिना चढून आला आहे. त्याला आकडा अर्धाच आठवतो आहे. उरलेला अर्धा ग्रंथपालाने पुरवायचा, तोही पाच मिनिटांत.

लेकीचा हिस्सा

पण हे सगळे झाले हमालीचे आणि चपळाईचे. या कामाचा गाभा निराळा आहे. कोर्टात ‘तारीख’ या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. पुढची तारीख, तारखेवर तारीख. ग्रंथपालाच्या डोक्यात दुसरीच तारीख असते. अमुक दिवशी कायदा काय होता, ती.

घराघरातले उदाहरण घेऊ. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला हिस्सा आहे का? नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांना आणि शहरालगतच्या जमिनींना सोन्याचे भाव आल्यापासून या प्रश्नावरून सख्खी भावंडे एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत. राखी पौर्णिमेला ओवाळणारी बहीण हक्कसोडपत्रावर मुकाट सही करते तोवर सगळे गोड असते. तिने ‘थांब, मी विचारून सांगते’ म्हटले, की कोर्टाची पायरी आली.

आता या प्रश्नाचे उत्तर पाहा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यातला वाटा दिला, पण मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून कायद्यात दुरुस्ती करून तो दिला. मात्र त्या दिवसाआधी जिचे लग्न झाले, तिला वगळले. म्हणजे मेमध्ये बोहल्यावर चढलेली थोरली बाहेर आणि डिसेंबरात लग्न झालेली धाकटी आत! पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्न झालेले असो-नसो, सर्व मुलींना हक्क मिळाला. मग प्रश्न निघाला, की वडील त्याआधीच वारले असतील तर? २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी सांगितले, त्या दिवशी वडील हयात हवेत. २०१८ मध्ये दुसऱ्या एका निकालाने वेगळा सूर लावला. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी निर्वाळा दिला, की हक्क जन्मानेच आहे, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. तरीही २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर पूर्ण झालेल्या वाटपाला धक्का लागत नाही.

एकच बहीण, एकच जमीन. आणि १९९३, १९९५, २००६, २०१६, २०२१ या पाच वर्षी पाच निरनिराळी उत्तरे निघू शकली असती. वकिलाने २०१५ चा निकाल पुढे केला आणि २०२० चा त्याला ठाऊकच नसला, तर एका बाईची हक्काची जमीन जाईल. म्हणून कायद्यात दुरुस्ती झाली, की त्या कलमावर दुरुस्तीची पट्टी चिकटवायची, जुन्या निकालाच्या कडेला पेन्सिलीने ‘पुढे बदलला, पाहा अमुक’ अशी खूण करायची, हे डिंक-कात्रीचे काम ज्याने केले, त्याने ते किती घरांसाठी केले याचा हिशेब कोणी मांडत नाही. पट्टी चिकटवायची, पण खालचे जुने शब्द वाचता आले पाहिजेत, हीही त्यातली खुबी. कारण जुना मजकूरही उद्या लागणार असतो. कूळकायद्याचेच बघा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जमीन कोण कसत होते, यावर मालकी ठरली. आज त्याला सत्तरीच्या आसपास वर्षे होत आली, पण नातवंडांच्या दाव्यांत तो दिवस अजून उजाडतो आणि त्या काळी कायद्याचा मजकूर नेमका काय होता, हे कोणीतरी कपाटातून काढून द्यावे लागते.

या कामात एक अवघड जागा आहे. कधी एखादी बाई चुकून ग्रंथालयाच्या दारात येते. वकील भेटत नाहीत, कागद हातात आहे, आणि ती सरळ विचारते, ‘दादा, माझा हिस्सा निघतो का हो?’ उत्तर समोरच्या कपाटात आहे. ग्रंथपालाला ते ठाऊकही असते. पण पुस्तक द्यावे, सल्ला देऊ नये, हा या पेशाचा जगभरचा दंडक आहे. त्याचे कारणही रास्त आहे. एक तारीख विचारायची राहून गेली, की सल्ला चुकतो आणि भोगावे तिला लागते. तेव्हा तो मोफत कायदेशीर मदत कोणत्या खोलीत मिळते ते सांगतो आणि आपल्या कामाला लागतो. हे पाठ फिरवणे किती जड जात असेल, याची कल्पना मला करता येते. मात्र दंडक मोडावा असे मी म्हणणार नाही.

भाषेचाही अडसर आहे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. पण कपाटांतली बहुतेक पुस्तके इंग्रजी. पक्षकार मराठी, साक्ष मराठी, आधार इंग्रजी. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालांची मराठी भाषांतरे आता उपलब्ध होऊ लागली आहेत, ही चांगली गोष्ट. तोवर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश टेबलावर हाताशी ठेवणारा ग्रंथपालच दुभाष्याचे काम करतो.

कपाटातले नाशिक

नाशकातल्या ग्रंथपालाला एक सुख आहे, ते इतर गावांतल्या फार थोड्यांना असेल. आपले गाव त्याला कपाटात सापडते.

‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’चा मुंबई मालिकेतला चौतिसावा खंड काढावा, पान ३९४. गणेश दामोदर सावरकर, म्हणजे बाबाराव. ‘लघु अभिनव भारतमाला’ या नावाने मराठी कविता छापल्याबद्दल जून १९०९ मध्ये नाशकात त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. मराठी कवितांचा अर्थ काय लावावा, यावर इंग्रजीत खल झाला. आणि तो करणाऱ्यांत न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर होते. काव्यसमीक्षेवर माणसाची जन्मठेप ठरल्याचे उदाहरण मराठी वाङ्मयात दुसरे असेल असे वाटत नाही. त्यानंतर सहाच महिन्यांनी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग पाहायला आलेला कलेक्टर जॅक्सन अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. या साऱ्याची कायदेशीर नोंद रुक्ष पानांत बंद आहे.

इथून धागा आणखी लांब जातो. विनायकराव सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात बोटीतून उडी घेतली. फ्रान्सच्या भूमीवर पकडलेल्या माणसाला ब्रिटिशांनी परत नेले ते योग्य की अयोग्य, हा वाद फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निर्णय झाला. पकडण्याच्या रीतीत अनियमितता होती, पण ब्रिटनवर कैदी परत करण्याचे बंधन नाही, असा. त्यामुळे आंतरराष्ट्रीय कायद्याचे जुने निवाडे सांभाळणाऱ्या जगातल्या कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात ‘सावरकर खटला’ सापडतो. तिथल्या ग्रंथपालाला भगूर कुठे आहे हे ठाऊक नसेल, पण भगूरच्या मुलाचे नाव त्याच्या सूचीत आहे.

काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचेही तसेच. २ मार्च १९३० रोजी तो सुरू झाला, पुढे वर्षानुवर्षे चालला, पण त्या वेळी दार उघडले नाही. ते उघडणारा कागद कपाटात आहे. मुंबई राज्याचा १९४७ चा हरिजन मंदिर प्रवेश कायदा. चार-सहा पानांचा मजकूर. पंचवटीतल्या दगडी दरवाजापुढे जे घडले ते ठाऊक असलेल्या माणसाच्या हातात ती चार पाने जड लागतात.

आणखी मागे जावे तर न्यायमूर्ती रानडे आहेत. निफाडला १८४२ साली जन्मलेले, आणि १८७८ साली बदली होऊन नाशकास न्यायखात्यात आलेले. त्याच सुमारास लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख इथे जॉइंट जज्ज होते. दोघेही न्यायाधीश आणि दोघेही ग्रंथवेडे. पुण्यात १८४८ साली निघालेल्या सार्वजनिक ग्रंथालयामागे लोकहितवादींचा हात होता. नाशकाला त्यांना वाचनालय काढायची गरजच नव्हती, ते १८४० पासूनच इथे होते. आजचे आपले सार्वजनिक वाचनालय ते हेच.

आणि कोर्टाचा कागद? तोही नाशिकचाच. नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात टपालाच्या तिकिटांची छपाई होते; कोर्ट फीची तिकिटे आणि मुद्रांकपत्रेही तिथलीच. देशाच्या कानाकोपऱ्यात कोणी दावा लावला, की त्यावर चिकटलेले तिकीट बहुधा आपल्या गावातून गेलेले. जुनी तिकिटे जमवण्याचा नाद कोर्टात काम करणाऱ्या माणसाला लागला, तर त्यात नवल नाही.

ग्रंथपालाची आवड

दिवसभर कायद्यात बुडालेली ही माणसे स्वतः काय वाचत असतील? याबाबतीत इतिहासातले सगळ्यात मोठे नाव स्कॉटलंडचे. डेव्हिड ह्यूम हा थोर तत्त्ववेत्ता. घरच्यांनी कायदा शिकायला पाठवले, त्याला तो मुळीच आवडला नाही. नास्तिक म्हणून विद्यापीठांनी प्राध्यापकी नाकारली. अखेर १७५२ साली एडिंबरोच्या वकील मंडळाने त्याला आपल्या ग्रंथालयाचा रक्षक नेमले. पगार वर्षाला चाळीस पौंड आणि हाताशी सुमारे तीस हजार ग्रंथ. ह्यूमने तिथे बसून इंग्लंडचा इतिहास लिहायला घेतला. १७५४ ते १७६२ मध्ये तो सहा खंडांत निघाला. कायद्याच्या ग्रंथालयातून देशाचा इतिहास बाहेर पडला.

पण नोकरी ती नोकरी. ह्यूमने मागवलेली तीन फ्रेंच पुस्तके वकील मंडळाच्या पंचांना अश्लील वाटली. त्यांनी ती काढून टाकायचा हुकूम दिला आणि यापुढे आम्हाला विचारल्याशिवाय पुस्तक घ्यायचे नाही, असे बजावले. ह्यूमला अपमान सहन होईना, आणि ग्रंथालय सोडवेना, कारण इतिहास अर्धवट. त्याने तोड काढली. पद ठेवले, पण पगार ब्लॅकलॉक नावाच्या एका अंध कवीच्या नावे करून दिला. १७५७ साली पद सोडले. ग्रंथालय समितीच्या बैठकीत बसलेल्या कोणत्याही ग्रंथपालाला ही गोष्ट सांगून पाहावी. तो फक्त हसेल.

आपल्याकडच्या ग्रंथपालाला चाळीस पौंड सोडून देण्याची चैन परवडत नाही. वकील संघात वेतन सदस्यांच्या वर्गणीवर अवलंबून, आणि वर्गणी भरण्याच्या बाबतीत कायदेपंडितही तुमच्या-आमच्यासारखेच. पण एक सुख फुकट आहे. निवाड्याचा पहिला भाग वाचावा. त्यात कायदा नसतो, हकीकत असते. विहिरीच्या पाळीवरून भांडलेले भाऊ, दत्तकपत्रावर थरथरत्या हाताने अंगठा उठवणारी विधवा, लग्नातल्या दागिन्यांची यादी, बैलजोडीची किंमत. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी घरात कोण कोणाशी कसे वागत होते, हे कादंबऱ्यांत मिळते त्याहून खरे इथे मिळते, कारण इथे दोन्ही बाजू शपथेवर बोलतात (आणि दोन्ही बाजू थोडे खोटेही बोलतात!). लोक निवाडा शेवटाकडून वाचतात. ग्रंथपालाला तो पहिल्यापासून वाचण्याची मुभा आहे. दुपारी कोर्टे भरलेली असताना, पंख्याच्या घरघरीत, हे वाचन होते. निकाल कोणाच्या बाजूने लागला, हे ठाऊक नसताना वाचण्यात तर गोडी आणखीच.

आता हे चित्र पालटले आहे. निवाड्यांचे संच संगणकावर आले, मग भ्रमणध्वनीवर. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने आपले निवाडे सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. तरुण वकील उभ्या उभ्या खिशातून निकाल काढतो. खंडांचे संच आता पुष्कळ ठिकाणी शोभेपुरते उरले, बैठकीत मागे दिसावेत म्हणून. ग्रंथपाल हवाच कशाला, असे म्हणणारेही निघाले.

त्यांनी न्यूयॉर्कमधली एक गोष्ट ऐकावी. विमानात खाद्यपदार्थांची ढकलगाडी गुडघ्यावर आदळली, म्हणून एका प्रवाशाने ॲव्हियान्का विमान कंपनीवर दावा लावला. त्याच्या वकिलांनी २०२३ साली कोर्टात लेखी म्हणणे दिले, त्यात पूर्वीचे निवाडे दाखवले. नावे होती, वर्षे होती, अवतरणे होती. विरुद्ध पक्षाने शोधले, न्यायाधीशांनी शोधले. त्यांतले सहा निवाडे कुठे सापडेनात. कारण ते कधी झालेच नव्हते. चॅटजीपीटीने ते रचून दिले होते आणि वकिलांनी मूळ पान न पाहता पुढे ठेवले. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. तेव्हापासून निरनिराळ्या देशांत, आपल्याकडेही, असे न घडलेले निवाडे कोर्टात येऊ लागले आहेत.

जुन्या पद्धतीत हे घडणे कठीण होते. वकील ग्रंथपालाकडे आकडा घेऊन आला असता, ग्रंथपाल कपाटापाशी गेला असता, आणि परत येऊन म्हणाला असता, साहेब, या खंडाला इतकी पानेच नाहीत.

१ जुलै २०२४ पासून कोर्टात सगळ्यात मोठी तारीख पडली आहे. १८६० ची भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. पाचशे अकरा कलमांची तीनशे अठ्ठावन्न झाली. खुनाचे कलम तीनशे दोन होते, ते एकशे तीन झाले. फसवणुकीचे चारशेवीस आता तीनशे अठरात गेले. पण ‘तो पक्का तीनशे अठरा आहे’ असे म्हणायला आपली जीभ अजून वळत नाही. या बदलानंतर कित्येक वकिलांनी कार्यालयातले जुने ग्रंथ रद्दीत काढायला घेतले. ग्रंथालयात मात्र तसे करता येत नाही. ३० जून २०२४ च्या रात्री बारापर्यंत जो गुन्हा घडला, त्याला जुनीच संहिता लागू. असे खटले चालायचे आहेत, त्यांची अपिले व्हायची आहेत, आणि फरारी आरोपी कधी सापडेल याचा तर नेम नसतो. वीस वर्षांनी तो पकडला गेला, तरी दोषारोप १८६० च्याच कलमाखाली ठेवला जाईल. आणि तेव्हाचा तरुण वकील, ज्याने ती संहिता अभ्यासक्रमात पाहिलेलीही नसेल, ग्रंथालयात येऊन विचारील, तीनशे दोन म्हणजे काय होते हो?

म्हणून दंड संहितेच्या जुन्या प्रती मागच्या कपाटात गेल्या आहेत, रद्दीत नाही. ज्यांचे पुठ्ठे सुटले होते, त्यांना पुन्हा बाइंडिंग करून घ्यावे लागेल, आणि त्या खर्चाची मंजुरी समितीकडून आणावी लागेल.